‘नव्या पीएसव्ही येताहेत म्हणे’ : थांबावं का सही करावी?

विचारणारा गुहागरकडचा आहे. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात एका अँकर हँडलरवर (रिगचे नांगर हलवणारी बोट) सेकंड मेट, म्हणजे चीफ मेटच्या खालचा अधिकारी, डीपीचं (डायनॅमिक पोझिशनिंग, बोट यंत्राने जागच्या जागी धरून ठेवणं) सर्टिफिकेट हातात येऊन वर्ष झालंय. त्यांच्या मेसमध्ये महिनाभर एकच विषय चालू आहे : एक मोठी कंपनी म्हणे दहा नव्या पीएसव्ही (समुद्रातल्या तेलाच्या फलाटांना सामान पोचवणाऱ्या सप्लाय बोटी) बांधायला टाकतेय, यार्ड ठरलंय, क्रूची यादीही निघालीय. त्यातच बेलापूरच्या एका एजंटाचा फोन आला, ‘नव्या बोटीवर चीफ मेटची जागा आहे, आत्ता नाव दे, नंतर रडू नकोस.’ आता सध्याच्या कंपनीचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट सही करावं की नव्या बोटीसाठी घरी थांबावं, असं तो विचारतो.

थांबू नकोस. सही कर आणि बोटीवर जा.

एवढं उत्तर पुरे होतं. पण तू लिहिलंयस की मेसमधला चीफ इंजिनीअर ‘आतली बातमी’ म्हणून शपथेवर सांगतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी या धंद्यात ३३ वर्षं आहे. न्हाव्याच्या बेसवरून सप्लाय बोटी केल्या, मग अंगोला, मलेशिया, आणि पुन्हा मुंबई हाय. कोकणात दर डिसेंबरात ‘यंदा आंबा लवकर’ असं कोणीतरी म्हणतंच, तसं ‘नव्या बोटी येताहेत’ हे मी दर दोन वर्षांनी ऐकत आलोय. कधी कधी आंबा खरंच लवकर येतो, नाही असं नाही.

तुझा चीफ इंजिनीअर खोटं बोलत नसणार. अशी बातमी मेसमध्ये कशी पोचते ते मी एकदा डोळ्यांदेखत पाहिलंय. मालकाच्या ऑफिसातला टेक्निकल मॅनेजर दरवर्षी दोन-तीन यार्डांकडून नव्या बोटीची किंमत मागवतो. ते त्याचं कामच आहे, बोर्डापुढे आकडा ठेवावा लागतो. यार्डाचा मार्केटिंगवाला हे रंगाच्या कंपनीच्या माणसाच्या कानावर घालतो, कारण कोटेशनमध्ये रंगाचा खर्च टाकायचा असतो. आठवड्याने तोच रंगवाला न्हाव्याला तुमच्या डेकचा रंग का सुटतोय ते बघायला येतो. चीफ इंजिनीअर त्याला चहा पाजतो. संध्याकाळी मेसमध्ये दोन बोटींची चौकशी ही दहा बोटींची ऑर्डर झालेली असते, आणि मुंबई हायवर फलाटाभोवतीच्या ५०० मीटरच्या झोनबाहेर स्टँडबाय करणाऱ्या पलीकडच्या बोटीने रात्री व्हीएचएफवर विचारलं की त्यात यार्डाचं नावही भरलं जातं. या साखळीत कोणीही खोटं बोललेलं नाही. पण कोणीही पैसेही दिलेले नाहीत.

खरी गोष्ट आहे ती पैशाची. सप्लाय बोट तेलाच्या भावावर बांधली जात नाही, ती चार्टरवर (भाड्याच्या करारावर) आणि बँकेच्या कर्जावर बांधली जाते. तेलाचा भाव वर गेला की मालकाच्या मनात बोट येते. कागदावर ती यायला दोन सह्या लागतात : भाड्याने घेणाऱ्याची आणि कर्ज देणाऱ्याची. यातली एक जरी नसली तरी बाकी सगळं कोटेशनच.

ब्राझीलचं उदाहरण घे. पेट्रोब्रासने २०२४ मध्ये १२ नव्या पीएसव्हींचं काम ब्राम ऑफशोर आणि स्टारनाव्ह या दोघांना दिलं. बोटी ब्राझीलमध्येच बांधायच्या, बांधायला चार वर्षांपर्यंत मुदत, आणि पुढे १२ वर्षांचं भाडं आधीच ठरलेलं. १२ वर्षांच्या भाड्याचा कागद हातात असेल तर बँक दार उघडते. तुझ्या अफवेतल्या कंपनीकडे असा कागद आहे का, हा पहिला प्रश्न. दहा बोटींना कामावर लावणारा माणूस कोण? त्याचं नाव मेसमध्ये कोणी घेतलं का? तू लिहिलेल्या तीन परिच्छेदांत तरी ते नाही.

दुसरी बाजू बघ. या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी कंपनी टाइडवॉटर. सप्लाय बोट हा प्रकारच मुळात त्यांनी रूढ केला. १९५० च्या दशकाच्या मध्यात त्यांची ‘एब टाइड’ आली, पुढे पायलट हाऊस आणि मागे सपाट उघडा डेक. तू आज ज्या बोटीवर उभा आहेस तिचा आराखडा तोच आहे, ७० वर्षांत फक्त किंमत बदलली. तर ही टाइडवॉटर २०१७ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली, काही महिन्यांत बाहेर आली आणि मग काय केलं? २०२२ मध्ये स्वायर पॅसिफिक ऑफशोरचा ५० बोटींचा ताफा घेतला. २०२३ मध्ये सोलस्टॅडच्या ३७ पीएसव्ही घेतल्या. सगळ्या वापरलेल्या, एकही नवी नाही. ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनीही यार्डाचा रस्ता धरला नाही, कारण बाजारात तयार बोटी नव्या बोटीपेक्षा खूप स्वस्तात मिळत होत्या.

आणि त्या स्वस्तात का मिळत होत्या? तू २०१४ मध्ये शाळेत असशील. जून २०१४ मध्ये ब्रेंट कच्च्या तेलाचा भाव ११५ डॉलरच्या आसपास होता. त्याआधीची तीन-चार वर्षं चीनमधल्या नदीकाठच्या यार्डांत सप्लाय बोटींच्या रांगा लागल्या होत्या. अनेक करार असे होते की मालकाने आधी फक्त १० टक्के द्यायचे, उरलेले डिलिव्हरीला. मलेशियात मिरीच्या नाम चेओंगसारखे यार्ड तर गिऱ्हाईक नसतानाच बोटी बांधून ठेवत, दुकानदार फ्रीज मागवून ठेवतो तसे. जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट ३० डॉलरच्या खाली आला. बोटी मात्र तयार होतच राहिल्या, कारण कापलेली पोलादी प्लेट परत जोडता येत नाही. मग मालकांनी डिलिव्हरी घेतलीच नाही.

मी त्यातला एक साक्षीदार आहे. २०१५ च्या शेवटी एका नव्या पीएसव्हीवर मास्टर (कॅप्टन) म्हणून टेकओव्हरला, म्हणजे यार्डाकडून बोट ताब्यात घ्यायला गेलो. यार्डाचं आणि मालकाचं नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. बोट पूर्ण तयार होती. बो वर (पुढच्या टोकाला) नाव वेल्ड करून पांढऱ्या रंगात रंगवलेलं, केबिनच्या गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच, गॅलीतल्या पातेल्यांना दुकानाची लेबलं. डीपीच्या ट्रायल झाल्या, क्लासचा (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या सोसायटीचा) सर्व्हेअर खूश. फक्त उरलेले ९० टक्के आले नाहीत. आम्ही अकरा आठवडे यार्डाशेजारच्या हॉटेलात राहिलो. रोज सकाळी नऊला बोटीवर जायचं, जनरेटर फिरवायचा, बिल्ज बघायचं, परत यायचं. आधी यार्डातल्या क्रेन थांबल्या, मग कँटीन, मग एके दिवशी गेटवरचा वॉचमनही बदलला. आम्हाला अर्ध्या पगारावर घरी पाठवलं. बायकोने विचारलं, ‘नवी बोट कशी होती?’ म्हटलं, ‘छान होती, हललीच नाही.’

पुढची गंमत अशी की तीच बोट मला २०१९ मध्ये परत भेटली. मुंबईच्या अँकरेजला एक चकचकीत पीएसव्ही येऊन उभी राहिली, आणि व्हीएचएफवर पोरं बोलायला लागली, ‘अमक्याची न्यूबिल्ड आली रे.’ मला तिची बांधणी ओळखीची वाटली. तिच्या जवळून जाताना सकाळचं तिरपं ऊन बो वर पडलं होतं. नव्या नावाच्या रंगाखाली जुन्या नावाचा वेल्डचा उठाव स्पष्ट दिसत होता, नऊ अक्षरं, मधलं ‘ओ’ तर अगदी ठसठशीत. ग्राइंडरवाल्याने घाई केली होती. ट्रान्समवरचा (मागच्या बाजूवरचा) आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, मला पाठ होता. अकरा आठवडे रोज त्याच्याखालूनच तर जात होतो.

म्हणून सांगतो, आपल्या पाण्यात ‘नवी बोट’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा ‘आपल्याकडे नवी’ एवढाच असतो. नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो, रंग बदलतो. आयएमओ नंबर जन्मापासून भंगारापर्यंत तोच राहतो.

आता या नंबराचं काय करायचं ते नीट शिकून घे, कारण एजंटाशी बोलताना हेच तुझं हत्यार आहे. नवी बोट कागदावरून यार्डात उतरताना तिला आयएमओ नंबर मिळतो, सात आकडी. २००८-१० च्या सुमाराच्या बोटींचे नंबर साधारण ९३, ९४, ९५ ने सुरू होतात. ९९ चे संपत आल्यावर आता नव्या बोटींना १० ने सुरू होणारे नंबर मिळताहेत. म्हणजे कोणी ‘ब्रँड न्यू’ म्हणून ९४ वाला नंबर दिला तर बोट तुझ्या सीडीसीपेक्षा (खलाशाच्या ओळखपुस्तकापेक्षा) जुनी आहे. आणि नंबर खरा आहे की मनाने लिहिलेला, हे कागद-पेन्सिलने कळतं. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुण आणि बेरीज कर. बेरजेचा शेवटचा आकडा हा नंबराचा सातवा आकडा असायला हवा. समजा ९०७४७२९. नऊ साते ६३, शून्य, सात पाचे ३५, चार चोक १६, सात त्रिक २१, दोन दुणे ४. बेरीज १३९, शेवटी ९. जुळला. ऑफर लेटरवर मनाने टाकलेला नंबर दहात नऊ वेळा इथेच फसतो. जुळला तर इक्वेसिस नावाची साइट आहे, फुकट आहे, फक्त नाव नोंदवावं लागतं. तिथे टाकून बघ, बोट कुठली, केव्हाची, क्लास कोणता. क्लास सोसायट्यांच्या स्वतःच्या रजिस्टरमध्येही बांधणीतल्या बोटी सापडतात.

यार्ड शेअर बाजारात असेल तर आणखी सोपं. कोचीन शिपयार्ड २०१७ पासून लिस्टेड आहे, मोठी ऑर्डर मिळाली की त्यांना एक्स्चेंजला कळवावंच लागतं. फोटोला मात्र भुलू नकोस. दोन माणसं फाइल धरून हसताना दिसतात त्याला सामंजस्य करार म्हणतात, त्यात पैसे नसतात. प्लेट कापण्याचा समारंभ झाला तर कान टवकार. इंजिनं आणि थ्रस्टर मागवले असं कळलं तर माझ्या दृष्टीने बातमी पक्की, कारण ती यायला महिनोन् महिने लागतात आणि त्यांचे पैसे कोणी गमतीने भरत नाही.

आपल्या इथली गोष्ट थोडी वेगळी, आणि तुझ्या घराजवळची. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, मे १९७६ मध्ये तेल निघू लागलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या त्या फलाटांना पाणी, डिझेल, सिमेंट, बराइट, भाजी सगळं बोटीनेच जायचं. साहजिकच आपल्याकडेही बोटी बांधाव्यात हे ओघाने आलं. २००२ नंतर सरकारचं ३० टक्क्यांचं अनुदान होतं, ते ऑगस्ट २००७ मध्ये संपलं. त्या काळात भारती शिपयार्डचे दाभोळ आणि रत्नागिरीचे यार्ड, सुरतेकडे एबीजी, असे सगळे जोरात होते. इतके जोरात की २००९ मध्ये या दोघांनी ग्रेट ऑफशोर ही सप्लाय बोटींची कंपनी विकत घेण्यासाठी एकमेकांवर बोली लावल्या. भारतीने ती जिंकली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, दोन्ही यार्ड लिक्विडेशनमध्ये गेलेले होते. तुमच्याकडच्या किती फिटर-वेल्डरांनी तेव्हा दुबई आणि कतारची वाट धरली, हे तुला गावातच कोणीतरी सांगेल.

आणखी एक अडचण आहे, ती कोणी मेसमध्ये बोलत नाही. आपल्याकडचं भाडं टेंडरवर ठरतं आणि टेंडर मिळतं एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दर टाकणाऱ्याला. नव्या बोटीवर कर्जाचा हप्ता असतो. बारा वर्षांच्या बोटीचं कर्ज फिटलेलं असतं, नाहीतर ती पडत्या भावात घेतलेली असते. दोघांनी एकाच टेंडरला दर टाकला तर कोण जिंकणार हे सांगायला कॅप्टन लागत नाही. टेंडरात बोटीच्या वयाची कडक अट आणि लांब मुदतीचं भाडं एकत्र आलं, तरच मालक यार्डाकडे वळेल. म्हणून अफवा कानावर आली की मी आधी टेंडरची कलमं शोधतो, यार्ड नंतर.

आता ‘काहीच होणार नाही’ असं माझं म्हणणं नाही. उलट. २००६ ते २०१४ मधल्या बोटी आता म्हाताऱ्या होताहेत, एवढी वर्षं नवी ऑर्डर जवळपास नसल्यामुळे मागून कोणी येत नाहीये. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, अनुदानाची योजना मार्च २०३६ पर्यंत लांबवली. कोचीन शिपयार्डने पूर्वी नॉर्वेच्या मालकांना पीएसव्ही बांधून दिल्या होत्या, आता ते युरोपातल्या पवनचक्क्यांसाठीच्या सर्व्हिस बोटी बांधताहेत, ज्यांच्यावरून तंत्रज्ञ चालत टर्बाइनवर जातात. ऑफशोरमध्ये गेल्या काही वर्षांत जे नवं बांधलं गेलं त्यातलं बरंचसं याच जातीचं आहे. म्हणजे नव्या बोटी येणार, येतीलही. पण मालक अजून एका प्रश्नावर अडलेत : आज बांधलेली बोट २५ वर्षं चालवायची तर तिच्यात जाळायचं काय? डिझेलला बॅटरीची जोड, एलएनजी, मेथनॉल, की आणखी काही? नॉर्वेची ‘वायकिंग एनर्जी’ २००३ मध्ये एलएनजीवर आली, तेव्हा सगळे म्हणाले आता सगळ्या अशाच होणार. झाल्या नाहीत. चुकीच्या इंधनावर पैसे लावायला कोणी तयार नाही.

समजा, तुझी अफवा अगदी खरी निघाली. आज सकाळी दहा बोटींवर सह्या झाल्या. तरी पहिली बोट पाण्यात उतरून भाड्यावर जायला चांगल्या यार्डात दोन वर्षं, आपल्याकडे मी तीन धरतो. आणि तिथे बोलावतात कोणाला? आधी साइटवर सुपरिंटेंडंट आणि चीफ इंजिनीअर, मग इलेक्ट्रिकल ऑफिसर, ट्रायलच्या वेळी मास्टर आणि सीनियर डीपीओ (डीपी चालवणारा अधिकारी). मेटांचा नंबर अगदी शेवटी लागतो, डिलिव्हरीच्या आधी दोन-तीन आठवडे, लाइफजॅकेट मोजायला आणि चार्ट-पब्लिकेशनच्या याद्या जुळवायला. चीफ मेटची जागा द्यायला आज, कील (बोटीचा तळाचा कणा) ठेवायच्या आधी, कोणीही कोणाला फोन करत नाही.

आणि नवी बोट म्हणजे सुख असं ज्यांना वाटतं त्यांनी टेकओव्हर केलेलं नसतं. पहिले सहा महिने अलार्म पॅनेल ख्रिसमस ट्रीसारखं लुकलुकत असतं. एका बोटीवर आमचा जायरो (विजेवरचं होकायंत्र) दर मंगळवारी रुसायचा. शेवटी कळलं की मंगळवारी कुक मोठी भट्टी लावायचा आणि त्याच फीडरवर व्होल्टेज खाली जायचं. यार्डाच्या इलेक्ट्रिशियनने कुठलीतरी केबल सोयीची वाटली म्हणून तिथे जोडली होती. जुन्या बोटीचे असे रोग आधीच्या लोकांनी शोधून ठेवलेले असतात.

तुझं खरं नुकसान वेगळंच आहे. डीपी सर्टिफिकेट दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जातं आणि त्याचा सरळ मार्ग म्हणजे त्या पाच वर्षांत किमान १५० दिवस डीपीवर. २०१५-१७ मध्ये माझ्या ओळखीचे चांगले चांगले डीपीओ घरी बसले, दिवस भरले नाहीत, आणि बाजार उघडला तेव्हा त्यांना सिम्युलेटरपासून धावाधाव करावी लागली. तू घरी बसून नव्या बोटीची वाट बघशील तितके दिवस तुझं लॉगबुक कोरं राहील. त्यापेक्षा याच बोटीवर ट्रिप कर, जमेल तितका वेळ डीपीच्या डेस्कवर बस, आणि सुट्टीत आयजीएफचा बेसिक कोर्स करून ठेव. गॅसवर किंवा मेथनॉलवर चालणारी बोट आली तर तो लागणारच, आणि तेव्हा संस्थांत जागा मिळणार नाही.

एजंटाबद्दल एकच. त्याच्याकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचं) लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्या, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या, साइटवर तपास. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला त्याला परवानगी नाही, मग तो त्याला फी म्हणो, डिपॉझिट म्हणो किंवा ‘यार्डचा व्हिसा खर्च’ म्हणो. नव्या बोटीची अफवा जोरात असली की असे फोन वाढतात. बोट अजून बांधायचीच आहे म्हटल्यावर ती कुठे आहे असं कोणी विचारत नाही, आणि जॉइनिंग सहा महिने पुढे ढकलायला कारण आयतंच असतं.

उद्या त्याचा फोन आला तर भांडू नकोस. गोड बोल, आणि बोटीचा आयएमओ नंबर माग. ‘अजून मिळालेला नाही’ म्हणाला तर कील पडली की कळव म्हण, आणि फोन ठेव. नंबर दिलाच तर सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. बेरीज जुळली तर मला पाठव, पुढचं मी बघतो.